सात नंबरची बाटली

ग्लेन कोलम, केप ब्रेटन
बुधवार, २ ऑक्टोबर २०१३

प्रिय डॉलिना,

हा कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी असताना नवा कागद घ्यायला माझा हात होत नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको. लहानपणी तू माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणितं सोडवायचीस, तीही उसवलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर. तुझी आई, पेगी, कुंपणापलीकडून ओरडायची, "मार्सेला, उद्या ही पोरगी डॉक्टर झाली तर औषधाची चिठ्ठीही पाकिटावर लिहून देईल!" डॉक्टर तर तू होतेच आहेस, औषधांची नसलीस तरी दगडांची आणि पाण्याची. पेगी अजूनही चर्चमध्ये नव्या माणसाला तुझी ओळख सांगताना "माझी डॉक्टर" म्हणते आणि मग कुणी गुडघा दाखवायला लागलं की घाबरते.

रविवारी फोनवर आपलं बोलणं झालं ते काही खरं नव्हे. मी सुरुवात केली की तू म्हणतेस, "मावशी, थोडक्यात सांग, मला मीटिंग आहे." थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर पंचवीस वर्षांपूर्वीच सांगून झालं असतं. म्हणून लिहायला बसले. सकाळची मिस्सा झाली, कोंबड्यांना दाणे टाकले, तुझा रॉरीकाका लाकडं आणायला गेलाय. आता दुपारपर्यंत मी आणि हा कागद.

तर वीस तारखेचं. चर्चच्या हॉलमधलं शरदातलं जेवण दरवर्षीसारखंच आहे. टर्की, बटाटे, गाजरं, आणि बायकांनी घरून भाजून आणलेले ॲपल-पाय. ॲपल-पाय खाऊन झाल्यावर आणि फिडल सुरू होण्याआधी वीस मिनिटं फादर स्टॅननी तुझ्यासाठी राखून ठेवली आहेत. त्यांना माणसं ओळखता येतात. म्हणाले, "फिडल नंतर ठेवलं की कुणी उठून जात नाही." चर्चच्या पत्रकात तुझं नाव छापलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. ते प्रश्नचिन्ह मी दर रविवारी पाहते. तू म्हणालीस, प्रबंध पुरा होऊ दे. म्हणालीस, शोधनिबंध छापून येईपर्यंत बाहेर बोलू नये असं तुझ्या मार्गदर्शक बाईंचं म्हणणं आहे. मग हळूच म्हणालीस, "आणि मावशी, तिथे मी कोण? लाल हेक्टरची पोरगी. मी मंचावर उभी राहिले तर लोक पाणी ऐकतील की माझे लाल केस बघतील?" शेवटी म्हणालीस, घरोघर पत्रं पाठवली आहेत, तेवढं पुरे आहे.

त्या पत्रांवर मी येणार आहे. पण आधी वेंडेलबद्दल लिहू दे. तो आधी आला.

तू त्याला पाहिलेलं नाहीस. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तू पेगीच्या पोटात होतीस. जूनमध्ये तो बसमधून उतरला तो दोन लाकडी खोकी घेऊन, आणि खोक्यांत नुसत्या रिकाम्या बाटल्या. उंच, हडकुळा, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर आलेल्या. विद्यापीठाच्या कामासाठी आपल्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तपासायचं म्हणाला. आमची वरची खोली रिकामी होती, तिथे राहिला. सकाळी ओटची लापशी दोन वाडगे, वर काकवी. काकवी एवढी ओतायचा की मी बरणी उचलून ठेवायला लागले, तेव्हा बिचारा म्हणाला, "सॉरी, मॅडम, आमच्याकडे घरात मोजणारं कुणी नव्हतं." त्या दिवसापासून मी बरणी पुन्हा टेबलावर ठेवली.

प्रत्येक दारात जाऊन परवानगी मागायचा. तुझ्या आईनं त्याच्या हातातली बोटाएवढी बाटली पाहिली आणि म्हणाली, "अरे, पाणीच हवं तर बादली ने. एवढ्याशा बाटलीत काय, परीला पाजायचंय?" तो लाजून लाल झाला, तेव्हा तुझे वडील म्हणाले, "बघ पेगी, आता आम्ही दोघं लाल झालो." प्रत्येक घराला त्यानं एक नंबर दिला होता, म्हणजे कागदावर कुणाचं नाव यायला नको. आमचा चार. तुमचा सात. लॉकी दूधवाल्याचा बारा. सगळ्यांना एकमेकांचे नंबर दोन दिवसांत पाठ. महिनाभर लोक चर्चच्या पायऱ्यांवर एकमेकांना नंबरानं हाका मारत होते.

तुझ्या वडिलांच्या बोअरचा केवढा तोरा होता ते तुला आठवत असेल. एकोणऐंशीत जुनी उथळ विहीर आटली आणि हेक्टरनं खडक फोडून खोल बोअर मारली. पाणी लागलं ते काय पाणी! थंड, स्वच्छ, चहाला असा रंग चढायचा की बायका मुद्दाम किटल्या घेऊन यायच्या. फादर तीर्थाचं पाणीसुद्धा तिथूनच न्यायचे. हेक्टर म्हणायचा, "या खोऱ्यात सैतानाचं काही चालत नाही, कारण त्याच्या अंगावर माझं पाणी पडतं." शहाऐंशीच्या ऑक्टोबरात तुझा बाप्तिस्मा झाला, त्याचंही पाणी तेच. मी तुला दोन्ही हातांवर धरलं होतं. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तू रडली नाहीस, जीभ बाहेर काढून चाटलंस. सगळं चर्च हसलं. हेक्टर मागून म्हणाला, "चव ओळखली बघ पोरीनं."

संध्याकाळी जपमाळ झाली की वेंडेल आमच्या पायऱ्यांवर बसायचा. तुझे आईवडील यायचे, लॉकी यायचा. आणि डॉलिना, तो काय बोलायचा! दिवसा तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण दगडावर बोलायला लागला की ऐकत राहावं. मागचा डोंगर कसा कधीकाळी काकवीसारखा वितळलेला होता, कसा थिजला, त्याला भेगा कशा पडल्या, त्या भेगांत काय काय झिरपून बसलं. लॉकीनं विचारलं, "सोनं?" वेंडेल म्हणाला, कुठे कुठे असतं. हेक्टर ताडकन सरळ बसला, "म्हणजे माझ्या बोअरमध्ये सोनं?" वेंडेल हसला. म्हणाला, "सोनं नाही, पण सोन्याचा एक सोबती असतो. तो असू शकतो." तेवढ्यात पेगीनं चहा आणला, ओटकेक आले, लॉकीनं त्याच्या गाईची गोष्ट काढली. तो सोबती कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी आजवर हजार वेळा त्या पायरीवर परत जाऊन बसले आहे आणि विचारलं आहे.

तेव्हाच्या फादरनी त्याला म्हटलं, रविवारी मिस्सेनंतर दहा मिनिटं बोल, लोकांना सांग तू काय शोधतोयस. वेंडेल तयार झाला. तीन दिवस माझ्या कोंबड्यांपुढे उभा राहून तालीम करत होता. कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि तो हात हलवून त्यांना खडकाच्या भेगा दाखवत होता. गुरुवारी त्यानं आमच्या फोनवरून त्याच्या प्रोफेसरांना विचारलं. मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण तो पाच वेळा "होय, सर" म्हणाला, आणि प्रत्येक वेळी थोडा बुटका झाला. रविवारी तो बोलला नाही. काम पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. सप्टेंबरात भरलेल्या बाटल्या घेऊन तो बसमध्ये चढला. हेक्टरनं वाटेत प्यायला म्हणून त्याला दोन लिटर पाणी भरून दिलं.

तुझे वडील मला असेच आठवतात, बसच्या खिडकीत पाण्याची बरणी देताना, पुढे झुकलेले, केस पेटल्यासारखे. नंतरची पंधरा वर्षं किती साधी होती! तू शाळेत गेलीस, पहिल्या पवित्र कम्युनिअनला माझ्या झग्याचं कापड तुला बेतलं, हिवाळ्यात चार-चार दिवस रस्ता बंद आणि आपण दोन्ही घरं एका चुलीपाशी. हेक्टरचे तळहात खडबडीत व्हायला लागले, भोवऱ्यांसारखे टणक टणक ठिपके. पेगी म्हणायची, "लाकडं फोडून फोडून माणूसच लाकूड झाला, आता हिवाळ्यात ह्यालाच जाळते." आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा. मग मूत्राशयाचं ते दुखणं निघालं, आणि दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत तो गेला. तू अठरा वर्षांची होतीस. दफनाच्या दिवशी तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "मावशी, मला कळलंच पाहिजे." काय, ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. त्या वेळी मात्र मला ठाऊक होतं आणि म्हणून विचारलं नाही, की खरंच ठाऊक नव्हतं, हे मी आजही देवापुढे नक्की सांगू शकत नाही.

आता गेल्या नाताळाकडे येते. तू आली होतीस, माझ्या टेबलाशी बसली होतीस, मी चहा ओतत होते. रॉरीनं विचारलं, "काय गं, त्या पाण्यात असतं तरी किती ते तुझं आर्सेनिक?" वेंडेल म्हणाला होता तो सोन्याचा सोबती हाच. तू मिठाच्या वाटीतून चिमूटभर मीठ घेतलंस. म्हणालीस, लॉकीच्या गोठ्यातली ती स्टीलची मोठी दुधाची टाकी आठव, माणूस आत उभा राहील एवढी. ती पाण्यानं काठोकाठ भर आणि त्यात ही एवढीशी चिमूट टाक. चव लागणार नाही, वास येणार नाही, रंग बदलणार नाही. पण रोज तेच पाणी प्यायचं, वीस वर्षं. "एवढ्यानं होतं, काका, आधी तळहात, मग मूत्राशय," असं तू म्हणालीस. आणि मग म्हणालीस, कागदावर हा आकडा फार लहान दिसतो, शून्य पॉइंट शून्य काहीतरी, म्हणून तर लोकांना कळत नाही.

तेव्हा माझ्या हातून कप पडला. आईच्या संचातला शेवटचा. तू म्हणालीस, "मावशी, हात भाजला का?" रॉरी म्हणाला, "वय झालं." मी खाली बसून काचा वेचत राहिले, आणि तुम्हा दोघांना वाटलं की मी कपासाठी रडतेय.

बघ, डॉलिना, तू तीन मिनिटांत सांगितलंस. वाटीतल्या मिठानं. रॉरीला कळलं, ज्याला अर्धं ऐकूही येत नाही. आणि तू म्हणतेस लोकांना समजणार नाही.

आता तुझ्या पत्रांचं. गेल्या मंगळवारी पोस्टातून विद्यापीठाची पाकिटं आली. बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर अकरा पाकिटं होती. "मार्सेला, तू मॅट्रिक, तू वाच." पूर्वापार हेच चालत आलंय. विम्याचं पत्र असो, सरकारचं असो, डॉक्टरचं असो, खोऱ्यातला कागद आधी माझ्या टेबलावर येतो. चर्चच्या बायकांचे हिशेब मी चाळीस वर्षं ठेवतेय, एका सेंटाचा फरक आला तर सगळ्या पानांची बेरीज पुन्हा करते, म्हणून लोकांचा विश्वास. पण लॉकीनं माझी वाट पाहिली नाही. त्यानं स्वतःच पहिलं पान वाचलं. त्याचा आकडा चौऱ्याऐंशी. तो हॉलमध्ये सगळ्यांना सांगत सुटला, "शंभरात चौऱ्याऐंशी! मला बापजन्मात एवढे मार्क कुणी दिले नाहीत, ते माझ्या बोअरनं काढले!" त्यानं तो कागद फ्रिजवर लावलाय, नातवंडांच्या प्रगतिपुस्तकाशेजारी. माझ्या विहिरीचा आकडा तीन आला, तर म्हणतो, "मॅट्रिक तू आणि नापास तुझी विहीर!" परवापर्यंत दुकानात लोक एकमेकांचे मार्क विचारत होते.

हसू नकोस. नाही, हस. मीही हसले, आणि मग मला धडकी भरली. मर्यादा दहाची आहे, हे तू दुसऱ्या पानावर लिहिलंयस, खालून तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, "संदर्भमूल्य" म्हणून. अगं, दुसरं पान फ्रिजवर कोण लावतं? मी लॉकीला समजावलं. दहाच्या वर गेलं की वाईट, पाणी पिऊ नकोस. तो काय म्हणाला ऐक. म्हणाला, "मार्सेला, तूच तर अठ्ठ्याऐंशीत सांगितलं होतंस, काही नाही, शून्याच्या आसपास आहे म्हणून. तेव्हा शून्य, आता चौऱ्याऐंशी. सुधारलंच की!" आणि मला ओटकेक दिला. त्याच्या सुनेचं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याचं बाटलीतलं दूध त्या पाण्यात कालवत होते. आता ती रोज दोन किटल्या माझ्या विहिरीच्या नेते. मी सांगितलंय, बाळाला माझं पाणी मानवतं, त्याचं वजन वाढेल. खोटं बोलले. बाळासाठी बोललेलं खोटं देव बाजूला ठेवेल. पण बाकीच्या दहा घरांना काय मानवतं म्हणून सांगू?

तू म्हणशील, अठ्ठ्याऐंशीत तू काय सांगितलं होतंस, मावशी? तेच लिहायचंय. सकाळपासून त्याच्याच भोवती फिरतेय.

अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात वेंडेलचं पत्र आलं. माझ्या नावानं, कारण त्याला इथला तोच पत्ता ठाऊक होता. वरती दोन ओळी आमच्या लापशीची आठवण, आणि विनंती की सोबतचा तक्ता सर्वांना दाखवावा. तक्त्याखाली एकच लांबलचक वाक्य होतं, खनिजांची नावं, "संहती", "निर्देशित मर्यादा", "सविस्तर विवेचन प्रबंधात". ज्या पोरानं माझ्या पायरीवर डोंगराला काकवीसारखं वितळवून दाखवलं होतं, त्यानं ते वाक्य लिहिलं होतं. ते मी चार वेळा वाचलं. मला कळलं नाही. मग मी आकड्यांकडे वळले, कारण आकडे मला कळतात. चार नंबर, शून्य पॉइंट शून्य शून्य. बारा नंबर, शून्य पॉइंट शून्य आठ. सात नंबर, शून्य पॉइंट शून्य नऊ. आणि डॉलिना, मी ते डॉलरसारखे वाचले. आयुष्यभर तेच केलंय ना. शून्य डॉलर, नऊ सेंट. नऊ सेंटांत तेव्हा पोस्टाचं तिकीटही येत नव्हतं. मला वाटलं, नऊ सेंटांसाठी कुणी विहीर सोडतं?

वहीत एक सेंट चुकला तर झोप न लागणारी मी. मीच ते नऊ सोडून दिले.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी विचारलं. मला म्हणता आलं असतं की मला कळलं नाही. फादरना दाखवता आलं असतं, गावातल्या डॉक्टरला, वेंडेललाच उलट पत्र टाकता आलं असतं. पण खोऱ्यात मॅट्रिक झालेली मी एकटी, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "काही नाही, शून्याच्या आसपास. पाणी चांगलं आहे." तुझे वडील सगळ्यांत मोठ्यानं हसले. "मी म्हटलं नव्हतं?" तू त्यांच्या खांद्यावर होतीस, दीड वर्षाची, त्यांचे केस ओढत होतीस. सतरा वर्षं ते पाणी त्यांनी प्यायलं. तुझ्या आईनं प्यायलं. तू प्यायलंस. दोन वर्षांपूर्वी तू येऊन पेगीच्या नळाला पाणी गाळायचं यंत्र बसवलंस तोवर.

तुझा नवा आकडा तुमच्या बोअरचा अठ्ठ्याऐंशी आला आहे, आईनं दाखवला. त्याचं नऊ आणि तुझं अठ्ठ्याऐंशी मी शेजारी शेजारी लिहून पाहिलं आणि तू शिकवलंस तसा दशांश तीन घरं सरकवला, नऊचे नव्वद झाले. तेच पाणी आहे. पंचवीस वर्षांत पाणी बदललं नाही, नुसती आकडा लिहायची रीत बदलली. एकदा तो सेंटासारखा दिसला, आता मार्कांसारखा दिसतो. दोन्ही वेळा लिहिणारा खरं लिहीत होता. आणि वेंडेल त्या रविवारी कोंबड्यांऐवजी माणसांपुढे उभा राहिला असता, परत येऊन एवढंच म्हणाला असता, "हेक्टर, या विहिरीचं पाणी पिऊ नका", तर सहा शब्दांत काम होतं. मी त्याला दोष देत नाही. पोर होतं, त्याला गप्प राहायला शिकवलं होतं. तुला शिकवतायत तसंच.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. तू एकदा म्हणाली होतीस, एका माणसाचं दुखणं पाण्यानंच झालं असं विज्ञान कधी म्हणू शकत नाही. मग तसंच म्हण. हॉलमध्ये उभी राहून म्हण की माझ्या वडिलांचं मला माहीत नाही. जी माणसं आयुष्यभर न दिसणाऱ्या देवापुढे गुडघे टेकतात, त्यांना "मला माहीत नाही" हे वाक्य पेलतं. पेलत नाही ते गप्प बसणं, कारण रिकाम्या जागेत मग माझ्यासारखी एखादी उभी राहते आणि शून्य म्हणून सांगून मोकळी होते. आणि केसांचं म्हणशील, तर बघू देत की केस. लाल हेक्टरची पोरगी सांगतेय म्हणूनच लॉकी दुसरं पान वाचेल.

हे मी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासांत, पापनिवेदनात फादर स्टॅनना सांगितलं. त्यांनी क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून जपमाळेची एक फेरी दिली, आणि म्हणाले, "देवाचं झालं, मार्सेला. आता शेजारणीचं राहिलं." ते करायला मला सहा महिने लागले. तुझी पाकिटं आली नसती तर कदाचित मरेपर्यंत लागले असते. शुक्रवारी मी पेगीकडे गेले आणि वेंडेलचा तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, कागद वाचला. मग म्हणाली, "नऊ सेंट, मार्सेला?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मी लॉकीला विचारायला हवं होतं. तो म्हणाला असता मला घंटा कळत नाही, आणि आपण शहाण्या माणसाकडे गेलो असतो." पन्नास वर्षांत तिनं मला पुष्कळ टोमणे मारले, हा एकच खरा लागला. मग ती उठली, यंत्राच्या नळाखाली किटली धरली, चहा ठेवला, आणि पाठमोरीच म्हणाली, "पोरीला तू लिही. हे तिनं माझ्या तोंडून ऐकायचं नाही." चहा दोघींनी घेतला. पण तेव्हापासून संध्याकाळी जपमाळेला ती आलेली नाही. तिची खुर्ची मी आहे तिथेच ठेवली आहे.

म्हणून हे पत्र. वेंडेलचा कागद सोबत जोडला आहे, पंचवीस वर्षं माझ्या प्रार्थनापुस्तकात होता, घडीवर फाटायला आलाय, जपून उघड. हवं तर भिंतीवर मोठा करून दाखव, माझं नाव झाकू नकोस. तू माझ्याशी पुन्हा बोलशील की नाही ते मी मागत नाही, तो हिशेब तुझा आहे. पण वीस तारखेला ॲपल-पाय खाऊन झाले की मी उठणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. फादरना तसं सांगून ठेवलंय. मी उभी राहीन आणि म्हणेन, अठ्ठ्याऐंशीत मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं, मला तो कागद कळलाच नव्हता. एवढं मला म्हणता येईल. त्याच्या पुढचं वाक्य मला येत नाही, डॉलिना. खरं काय आहे ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी ते बनवून सांगणार नाही. मी तशीच उभी राहीन आणि लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतील. हॅलिफॅक्सहून बस दुपारी साडेतीनला चौकात येते. मिठाची वाटी मी टेबलावर ठेवते.

तुला पाण्यावर धरणारी, तुझीच,
मार्सेलामावशी